कोणते वडील?

फौजींना पुरलं त्या दिवशी चर्चच्या नव्या हॉलमध्ये पंखे फिरत होते, खुर्च्या एका रंगाच्या होत्या आणि पाळकसाहेबांचा आवाज स्पीकरमधून इतका गोड येत होता की मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांचा डोळा लागला. पाळकसाहेब म्हणाले, “आज आपण ज्या हॉलमध्ये बसलो आहोत, त्या हॉलसाठी वडिलांनी आपल्या कबरेची जागा आनंदानं सोडली. असा त्याग विरळा.” लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत फौजींचा मुलगा बसला होता. त्यानंही मान डोलावली, फक्त जरा उशिरा.

मेलेला माणूस मध्येच उठून दुरुस्ती सुचवत नाही, ही पाळकांची केवढी सोय! फौजी उठले असते तर म्हणाले असते, “‘आनंदानं’ काढा.” मग थोडं थांबून, “‘सोडली’ पण काढा.” उरलेलं वाक्य त्यांना चाललं असतं. म्हणजे हॉल, कबर आणि जागा.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. चर्चच्या मंडळीचा कारभार जी जाणती माणसं बघतात, त्यांना ‘वडील’ म्हणतात. हे पद आहे, नातं नव्हे. गावात तीन-चार वडील असतात, आणि त्यांच्यातल्या एखाद्याला मूलबाळ नसलं तरी तो वडीलच. फौजी असे वडील झाले ते फौजेतून परत आल्यावर, आणि मग इतकी वर्षं राहिले की नुसतं ‘वडील’ म्हटलं तर तेच. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना ‘काय वडील, कसं काय?’ विचारत. बायको म्हणायची, “घरात एकच पोर, आणि बाहेर बघावं तर अख्ख्या गावाचे वडील. माझी काय ती शोभा!”

फौजेत ते पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. मूळचा हात सुताराचा. बंदूक होती, पण बंदुकीपेक्षा करवत जास्त चालली. पाय अधू झाला तो लढाईत नव्हे, पुलाचा ओंडका निसटून पायावर पडला म्हणून. गावाला मात्र गोळीच हवी होती. “वडिलांना गोळी लागलीय,” असं कुणी पाहुण्याला कौतुकानं सांगितलं की फौजी लांबून ओरडत, “ओंडका! ओंडका लागलाय!” बायको कपाळावर हात मारून घ्यायची. “अहो, लागू द्या ना गोळी. तुमच्या पायाचं काय जातं?” फौजी म्हणत, “पायाचं नाही जात. तोंडाचं जातं.”

असा हा माणूस. रविवारी चर्चच्या दारात पहाऱ्यावर असल्यासारखा उभा. येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, लहान पोरांचे बूट बघायचे, चिखल दिसला की भुवई वर. प्रवचन लांबलं की ते बसल्या जागी झोपत, पण पाठ ताठ, हनुवटी वर, हात गुडघ्यावर. शेजारी बसणारा शिंपी, म्हणजे त्यांचा जन्माचा दोस्त आणि मंडळीतला दुसरा वडील, म्हणायचा, “फौजी, तू घोरतोसही कवायतीत रे.”

लग्न झाल्यावरची निम्मी वर्षं फौजी घरी नव्हते. रजेवर यायचे तेव्हा मिशा मोठ्या आणि पिशवी त्याहून मोठी. पोरगा आईच्या मागं लपायचा आणि हळूच विचारायचा, “हे काका कधी जाणार?” बायकोनं हा किस्सा लोकांना हसत हसत सांगून सांगून गुळगुळीत केला होता. फौजीही हसायचे. हसताना ते पोराकडे बघायचे नाहीत, एवढंच.

बायको गेली ती चार दिवसांच्या तापात. शुद्धीवर होती तेव्हा म्हणाली, “फौजेत जाताना म्हणालात, परत आलो की जवळच राहीन. आलात, तर चर्चमध्ये जाऊन राहिलात. आता तरी शेजारी या.”

“येतो,” फौजी म्हणाले.

“घाई नाही. पण दुसरीकडे कुठे जाऊ नका.”

चर्चच्या मागे कबरस्तान. तिथं भिंतीच्या कडेला तिला ठेवलं आणि तिच्या डाव्या अंगाला एका माणसापुरती जागा फौजींनी राखली. दर शनिवारी ते विळा घेऊन जात. तिच्या कबरेवरचं गवत काढत, मग स्वतःच्या. स्वतःच्या म्हणजे मोकळ्या जमिनीवरचं. मग तिथंच मांडी घालून बसत आणि तिला आठवड्याची खबर देत. शिंपी एकदा आला आणि म्हणाला, “पोट वाढलंय तुझं. जागा नव्यानं माप. म्हणशील तर टेप आणतो.”

“तू टेप आणलास की कपडा उरतो तुझ्याकडं आणि तोकडं पडतं आमच्याकडं. राहू दे.”

मग नवे पाळकसाहेब आले. तरुण, शिकलेले, बोलण्यात लोणी. त्यांनी गावाला हॉलचं स्वप्न दाखवलं. लग्नं, सभा, पोरांचे वर्ग, सगळं एका छपराखाली. वाईट काहीच नव्हतं त्यात. फौजींनीही पहिल्या सभेत हात वर केला. पण नकाशा उलगडला तेव्हा हॉलची एक भिंत बरोबर त्यांच्या बायकोच्या कबरेला खेटून जात होती. तिची कबर तशीच राहणार होती. तिच्या डावीकडची मोकळी जागा मात्र हॉलच्या पायाभरणीत जाणार होती.

“हॉल बांधा,” फौजी म्हणाले, “पण पुढं सरकवा. समोर एवढं अंगण पडलंय.”

“तिथं गाड्या लागतील, वडील.”

“गाड्या उन्हात उभ्या राहिल्या म्हणून मेल्याचं ऐकलं नाही मी.”

पाळकसाहेब हसले. ते दातांनी हसत, डोळे दुसऱ्याच कामात असत. मंडळीचा जुना ठराव होता की कबरस्तानाला हात लावायचा तर सगळ्या वडिलांची संमती हवी. एकाचा जरी नकार असेल तर फावडंसुद्धा आत न्यायचं नाही. फौजींचा नकार होता. काम अडलं.

याच सुमाराला फौजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डोळ्यावर पट्टी, खाली वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, पुढची तपासणी होईपर्यंत घरीच. दुसऱ्या डोळ्यानं दिसायचं ते नदीवरच्या धुक्यातून दिसावं तसं. एका सकाळी पाळकसाहेब आणि मुलगा दोघं त्यांच्या खाटेपाशी आले.

“वडील, तुम्ही बरे होईपर्यंत तुमच्या जागी यांना बसवावं म्हणतो,” पाळकसाहेब मुलाकडे हात करून म्हणाले. “तुमची खुर्ची रिकामी बरी दिसत नाही.”

फौजींना इतका आनंद झाला की पट्टीखालचा डोळा चुरचुरला. पोरगा पंचेचाळिशीला आला होता. गावातल्या धान्याच्या गोदामावर मुकादम होता, चार माणसं हाताखाली होती, तरी गावात त्याची ओळख एकच: ‘वडिलांचा’. दुकानात, बसमध्ये, कुठंही, ‘हा वडिलांचा बरं का’. आता तोही वडील होणार होता. फौजींनी चाचपडत त्याचं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. सून दारात उभी होती. तिनंही डोळे मिटले.

महिन्याच्या सभेनंतर शिंपी पेरू घेऊन भेटायला आला. खाटेवर टेकला आणि म्हणाला, “शहाणा झालास रे म्हाताऱ्या. मला वाटलं होतं तू मरेपर्यंत हटायचा नाहीस.”

“कशावरून हटलो?”

“जागेवरून. हॉलचं पास झालं ना. तू संमती कळवलीस म्हणून.”

“मी? कुणाजवळ?”

शिंप्याच्या हातातला पेरू तसाच राहिला. “पाळकांनी एकेकाला विचारलं. मी हो म्हटलं, बाकीच्यांनी म्हटलं. मग तुझ्या पोराकडं बघून विचारलं, ‘वडिलांची संमती आहे?’ तो उभा राहून म्हणाला, ‘वडिलांची संमती आहे.’ अगदी मोठ्यानं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

“आणि तू? परवाच्या दिवशी मी इथंच, या खाटेवर, तुला काय सांगितलं होतं?”

“मला वाटलं, घरी बोलणं झालं असेल बाप-लेकांचं.” शिंपी पेरूकडे बघत म्हणाला. “घरातलं आपण कसं विचारायचं.”

फौजी उठले. सुनेनं अडवलं, “बाबा, धूळ आहे बाहेर!” पण ते काठी टेकत निघाले. कबरस्तानात पोचले आणि त्यांनी खाली बघितलं. एवढं धुकं असूनही एक गोष्ट स्वच्छ दिसली. चुन्याची रेघ. ताजी, पांढरी, दोरी लावून मारलेली. ती बायकोच्या कबरेला घासून गेली होती आणि त्यांच्या जागेच्या मधोमध पोचून काटकोनात वळली होती. फौजेत पुलांचे पाये आखलेल्या माणसाला ती काय आहे हे सांगावं लागत नाही. त्यांनी काठीचं टोक रेघेवर ठेवलं. पुसायचं मनात आलं. पण रेघ सरळ होती, कोपरा काटकोनात बसला होता, आणि त्यांच्या हाताला चांगलं काम मोडायची सवय नव्हती.

संध्याकाळी मुलगा जेवायला बसला तेव्हा फौजी समोर येऊन बसले.

“सभेत काय म्हणालास?”

मुलानं पाण्याचा पेला उचलला, प्याला, खाली ठेवला. “वडिलांची संमती आहे म्हणालो.”

“मी दिली होती?”

“तुमची आहे असं मी कुठं म्हणालो? त्या दिवशी त्या खुर्चीवर वडील कोण होतं? मीच ना? तुम्हीच बसवलंत. माझी संमती होती. ती मी सांगितली. खोटं एक अक्षर बोललेलो नाही.”

सुनेचा वाढणारा हात हवेत थांबला.  फौजी म्हणाले, “गोदामात वाया गेलास रे. कोर्टात नाव काढलं असतंस.”

“चेष्टा करू नका, बाबा.”

“चेष्टा तू केलीस. मी फक्त दाद देतोय.”

“एका मोकळ्या तुकड्यासाठी अख्ख्या गावाचं काम अडवून बसलात! लोक मला बोलतात. वडिलांचा, वडिलांचा...” त्याचा आवाज चढला आणि मध्येच चिरला. “गावाचे वडील होतात तुम्ही. माझे कधी होतात?”

 खरं होतं ते, आणि खरं फौजी कधी नाकारत नसत. पण एक खरं दुसऱ्या खऱ्याला खाऊन टाकतं का? ते उठले. हात धुतले, जेवले नव्हते तरी.

दुसऱ्या दिवशी ते पाळकसाहेबांच्या खोलीत गेले. टेबलावर हॉलचा नकाशा पसरला होता आणि तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार प्रार्थनेची पुस्तकं ठेवली होती.

“तुम्ही विचारलंत, वडिलांची संमती आहे का. आहे म्हणून उत्तर आलं,” फौजी म्हणाले. “कोणते वडील, असं विचारलंत का?”

“तशी काही गरज वाटली नाही.”

“तुम्हाला माहीत होतं.”

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. “वडील, आपण मंडळीचं व्यापक हित बघू या. आणि तुम्ही तर प्रभूवर विश्वास ठेवणारे. मेल्यावर माणूस मातीत नसतोच. आपण सगळे प्रभूजवळ एकत्रच असणार.”

“सगळे एकत्रच असणार, तर मग हॉल कशाला बांधता?”

पाळकसाहेबांना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. पण नकाशाची घडी केली नाही. दारापर्यंत पोचवायला आले, तेव्हा हलकेच म्हणाले, “तुम्हाला हरकत घ्यायची असेल तर रविवारी भर मंडळीत घ्या. तुमचा हक्क आहे. फक्त, लोक विचारतील की मग खोटं कोण बोललं. त्याचा विचार करा. नव्यानंच वडील झालाय तो.”

म्हणजे असा पेच होता. तोंड उघडलं तर जागा मिळणार होती, आणि मुलगा गावात कायमचा खोटा ठरणार होता. तोंड मिटलं तर दिलेला शब्द जाणार होता, तोही अशा बाईला दिलेला, जिनं आयुष्यभर वाट बघण्याशिवाय त्यांच्याकडे काही मागितलं नाही.

रविवारी फौजी पट्टी बांधून चर्चमध्ये गेले. वडिलांच्या बाकावर त्यांच्या जागी मुलगा बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून. फौजी समोरच्या बाकावर बसले. गाणी झाली, प्रवचन झालं. आज ते झोपले नाहीत. शेवटी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “मंडळीत कोणाला काही सांगायचं आहे?”

फौजी काठीवर भार देऊन उभे राहिले.  मुलाची मान कॉलरपासून वर लाल होत गेली. शिंपी स्वतःचे बूट बघू लागला, जणू ते आजच घेतले होते.

फौजींनी घरून वाक्य पाठ करून आणलं होतं. ते निम्म्यात बदललं. “हॉलला वडिलांची संमती आहे, असं सभेत सांगितलं गेलं,” ते म्हणाले. “कोणत्या वडिलांची, ते...” इथं ते थांबले. मुलाकडे बघितलं. मुलगा त्यांच्याकडे बघत होता. रजा संपवून निघताना तो दाराआडून बघायचा, तसाच. “ते ज्यानं सांगितलं त्यानंच सांगावं,” फौजींनी वाक्य संपवलं आणि खाली बसले.

वाट त्यांनी मोकळी करून दिली होती. मुलानं एवढंच म्हणायचं होतं की संमती माझी होती, बाबांची नव्हती. म्हटलं असतं तर कुणी फाशी दिली नसती. चार लोक कुजबुजले असते, दोन हसले असते, आठवड्यात विसरले असते.

मुलगा अर्धा उठला. सदरा मागून बाकाच्या खिळ्यात अडकला असावा, किंवा नसावाही. तो परत बसला. गाण्याचं पुस्तक उघडलं आणि पानं चाळायला लागला. पाळकसाहेबांनी जेमतेम श्वासभर वाट बघितली आणि म्हणाले, “चला, शेवटचं गीत गाऊ या.” सगळे उठले. सगळ्यात मोठा आवाज मुलाचा होता.

चर्चबाहेर शिंप्यानं गाठलं. “मी बोलणार होतो रे. पण पोराचं तोंड बघवेना.”

“मलाही नाही बघवलं,” फौजी म्हणाले. “पण मी उभा तरी होतो.”

त्यानंतर ते वडिलांच्या बाकावर कधी बसले नाहीत. डोळा बरा झाला, पट्टी निघाली, पाळकसाहेबांनी दोनदा बोलावलं. “तिथं वडील बसलेत की,” एवढं म्हणून फौजी मागच्या रांगेत जात. घरात मुलाशी बोलणं बंद केलं नाही. पाणी आलं का, नळ दुरुस्त झाला का, सगळं विचारत. पण पूर्वी ते चिडले की काठी आपटत, आता काठीचा आवाज येईनासा झाला. सुनेनं एकदा नवऱ्याला सांगितलं, “बाबा माझ्याशी भांडतात हो अजून. तुमच्याशी नाही भांडत.” मुलगा म्हणाला, “बरंच आहे की.” पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

हॉल उभा राहत आला तसा मुलगा एका संध्याकाळी त्यांच्या खाटेजवळ आला. “बाबा, पाळकसाहेब म्हणत होते, आईचीच कबर उघडून... म्हणजे वेळ येईल तेव्हा... तुम्हाला तिच्यातच ठेवता येईल. खोल खणलं तर बसतं म्हणे.”

“तिला उठवायचं?”

“थोडं सरकवायचं.”

“आयुष्यभर सरकतच आली ती. माझ्यासाठी, तुझ्यासाठी. आता हात लावायचा नाही.”

“मग तुम्हाला कुठं...”

“रस्त्यापलीकडे नवीन जागा घेतलीय ना मंडळीनं? तिथं. तिथं अजून कुणी नाही. गर्दी नको मला.”

 एक शब्द मुलाच्या ओठांपर्यंत आला असावा, कारण ओठ हलले. फौजी थांबले होते. मग बाहेरून कुणीतरी हाक मारली, “वडील, वायरमन आलाय!” आणि मुलगा “आलो” म्हणून गेला.

हॉल उघडायच्या आदल्या शनिवारी फौजी विळा घेऊन कबरस्तानात गेले. बायकोच्या डावीकडे आता भिंत होती, नवी, गिलावा अजून ओलसर, आणि डोक्याच्या उंचीवर खिडकी. त्यांना बसायला जागाच नव्हती. उजवीकडे दुसऱ्या कुणाची तरी कबर. शेवटी ते तिच्या पायाशी उभे राहिले, भेटायला आलेले पाहुणे उभे राहतात तसे. गवत काढलं, उभ्यानं, वाकून, कमरेची कुरकुर ऐकत. मग नेहमीसारखी खबर द्यायला तोंड उघडलं आणि अडले. तिनं पहिला प्रश्न विचारला असता, कुणी केलं हे? आणि ती त्या पोराची आई होती.

आयुष्यात त्यांनी तिला थापा मारल्या नव्हत्या. शोधायलाही वेळ लागला.

“मीच दिली जागा,” ते म्हणाले. “लोकांना हॉल हवा होता. मी म्हटलं, घ्या.”

ती यावर काय म्हणाली असती ते त्यांना नीट ठाऊक होतं. ती म्हणाली असती, म्हणजे याही वेळी गावच आधी. त्यांनी ते ऐकून घेतलं. विळा पुसला.

आत स्पीकर लावण्याचं काम चालू होतं. खिडकीतून मुलाचा आवाज दणकन बाहेर आला, “हॅलो, हॅलो.” मग त्यानं वाकून बाहेर बघितलं आणि माईक तोंडाशी धरूनच विचारलं, “बाबा, ऐकू येतंय का तिथं?”

“येतंय,” फौजी म्हणाले, आणि काठी घेऊन घराकडे निघाले.